काट मारलेली ओळ

बँकेत चौतीस वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात हेड कॅशिअरनं शिकवलं होतं, की लेजरमध्ये चूक झाली तर खोडरबर, ब्लेड, पांढरी शाई यातलं काहीही वापरायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. जुना आकडा वाचता आला पाहिजे. ही सवय हाडात गेली आहे. वाण्याच्या यादीतसुद्धा मी खोडत नाही, काट मारते. या सवयीपायी माझ्या राउटरचा लॉग एकोणीस दिवस बंद राहिला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. दोष सवयीचा म्हणावा की घाईचा, ते तुम्ही ठरवा.

मी पुण्यात धायरीला राहते. निवृत्तीनंतर बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना ऑनलाइन शिकवते, रात्री आठ ते नऊ, गणित आणि रीझनिंग. २०२४ च्या फेब्रुवारीपासून नेमकं त्याच वेळात इंटरनेट जायला लागलं. सव्वाआठच्या आसपास जायचं, दोन-तीन मिनिटांनी आपसूक यायचं. तेवढ्यात पंचवीसपैकी आठ-दहा मुलं गळायची, ती परत यायची नाहीत. कनेक्शनवाल्यांना फोन केला, की ठरलेलं उत्तर: "राउटर बंद करून चालू करा." दहाव्यांदा फोन केला तेव्हा पुढची पायरी आली. "काकू, राउटर तुमचा स्वतःचा आहे ना? मग प्रॉब्लेम त्यातच असणार."

राउटर माझाच होता. माझ्या भाच्यानं २०२१ च्या दिवाळीत त्यावर ओपनडब्ल्यूआरटी घालून दिलं होतं. कंपनीनं दिलेलं सॉफ्टवेअर काढून तिथं ही मोफत, खुली प्रणाली बसवता येते. ती लिनक्सवर चालते, त्यामुळे राउटरच्या पोटात काय चाललंय ते बघता येतं. म्हणून मी भाच्याला विचारलं, की इंटरनेट जातं त्या वेळी राउटर काहीतरी नोंद करत असेल ना?

नोंद करतो, पण ती असते मेमरीत. आमच्या राउटरवर त्यासाठी ६४ केबी जागा होती. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. आणि राउटर बंद केला, की सगळंच पुसलं जातं. म्हणजे कस्टमर केअरवाली मुलगी जो उपाय सांगत होती, त्यानंच पुरावा नाहीसा होत होता. तिला बिचारीला ते माहीत असण्याचं कारण नाही. मलाही नव्हतं.

मार्चमध्ये भाच्यानं बेंगळुरूहून फोनवर बसून माझ्याकडून सगळं करून घेतलं. राउटरच्या यूएसबी खोबणीत १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावला आणि सिसलॉग-एनजी नावाचा प्रोग्राम बसवला. राउटरमधले वेगवेगळे विभाग जे काही बोलतात ते हा प्रोग्राम ऐकतो आणि त्याला सांगितलं असेल त्या फाइलीत लिहून ठेवतो. बालाझ शाइडलर नावाच्या हंगेरियन माणसानं १९९८ मध्ये तो सुरू केला. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरचे लॉग गोळा करायला तो वापरतात. घरच्या राउटरला तो जरा जास्तच झाला, हे भाच्यानंही कबूल केलं. पण पेनड्राइव्हवर रोजची वेगळी फाइल हवी, इंटरनेट जोडणीच्या नोंदी बाकीच्यांपासून वेगळ्या हव्यात, ही माझी मागणी होती. बँकेत डे-बुक आणि लेजर वेगळं असतं, तसं.

मे अखेरपर्यंत हे छान चाललं. मी रोज रात्री क्लास झाला की फाइल उघडून त्या वेळच्या ओळी वाचायची. वाचून वाचून दोन वाक्यं ओळखीची झाली. एकाचा अर्थ असा, की राउटरनं समोरच्या टोकाला पाच वेळा 'आहेस का' म्हणून हाक मारली आणि एकदाही उत्तर आलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, समोरच्या टोकानंच जोडणी तोडली. माझ्याकडे जवळजवळ कायम पहिलं वाक्य असायचं. राउटर जागेवर आहे, हाका मारतोय, पलीकडे कोणी नाही. यापेक्षा चांगला पुरावा कुठला? मी वहीत तारखा लिहीत गेले. तीन महिन्यांचं झालं की एकदम समोर ठेवू म्हटलं. इथंच पहिली चूक झाली. दर आठवड्याला फाइली लॅपटॉपवर उतरवून घ्यायला हव्या होत्या. मी फक्त तारखा लिहिल्या, मूळ ओळी पेनड्राइव्हवरच ठेवल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचा म्हणाला, "मावशी, तुझं ओपनडब्ल्यूआरटी २१.०२ आहे. त्याला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. नवं घालून घे." त्यानं पायऱ्या लिहून पाठवल्या: आधी २२.०३ घाल, मग २३.०५, एका उडीत जाऊ नको. जाताना सेटिंग्ज तशाच ठेव. वरून बसवलेले प्रोग्राम मात्र उडून जातील, ते पुन्हा बसव. खाली प्रोग्रामांची यादी दिली होती. मी ती यादी छापून घेतली आणि एकेकावर टिक करत सगळं पार पाडलं. दुपार गेली, पण जमलं. एकटीनं केलं म्हणून जरा शेफारलेही होते, हे सांगून टाकते.

सिसलॉग-एनजी पुन्हा बसवताना पडद्यावर एक सूचना आली होती. तिथं या प्रोग्रामची सेटिंगची फाइल आधीपासूनच आहे, ती नव्या फाइलीपेक्षा वेगळी आहे, म्हणून नवी फाइल शेजारी दुसऱ्या नावानं ठेवतोय, असं ती सांगत होती. खाली आणखी वीस-पंचवीस ओळी सरकत गेल्या. मी वाचली नाही. यादीत टिक केली आणि पुढे गेले.

म्हणजे झालं असं: प्रोग्राम नवा आला आणि सेटिंगची फाइल माझी जुनीच राहिली. यात तसं काही वावगं नाही. कष्टानं केलेली सेटिंग्ज नव्या प्रोग्रामनं उडवून टाकली असती तर मीच आरडाओरडा केला असता. पण त्या जुन्या फाइलीच्या डोक्यावर एक ओळ होती. ॲट चिन्ह, त्याला चिकटून व्हर्जन हा शब्द, कोलन आणि एक आकडा. तो आकडा ३ नं सुरू होणारा होता. नवा प्रोग्राम ४ नं सुरू होणारा होता.

दुसऱ्या दिवशी लॉग बघितला तर नोंदी नीट येत होत्या. फक्त प्रोग्राम सुरू झाला तिथं एक इशारा होता. त्याचा सारांश असा: तुमची सेटिंगची फाइल जुन्या पद्धतीची आहे, मी ती जुन्या पद्धतीनंच चालवून घेतोय, तुमच्या सवडीनं ती नवी करून घ्या. 'सवडीनं' हे मी पदरचं घालत नाहीये, मूळ इंग्रजी वाक्यातही तसंच आहे. इतक्या अदबीनं बोलणारा प्रोग्राम मी दुसरा पाहिलेला नाही. आणि मी काय केलं? सवड कुठली, लगेच रविवारी बसले. ऑडिटचा शेरा प्रलंबित ठेवायचा नाही, ही आणखी एक जुनी सवय.

तो रविवार ९ जूनचा. लॅपटॉपवरून राउटरमध्ये शिरले. तिथं फाइल सुधारायला व्हीआय नावाचा एडिटर असतो. तो ज्यांनी वापरलाय त्यांना सांगायला नको. त्यात थेट टाइप करता येत नाही. आधी आय हे अक्षर दाबायचं, मग टाइप करायचं, मग एस्केप दाबायचं, मग कोलन आणि दोन अक्षरं दाबून जतन करून बाहेर पडायचं. मी ते पाठ केलं होतं.

पहिलीच ओळ व्हर्जनची. जुना आकडा पुसावा हे मनाला पटेना. मग भाच्यानं शिकवलेलं आठवलं, की ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घातलं की ती ओळ फक्त माणसांनी वाचायची राहते, प्रोग्राम ती धरत नाही. म्हणजे काट मारणंच झालं की! जुनं वाचताही येतं. मी हॅश घातलं. आता वर नवी ओळ लिहायची होती. पण नवा आकडा नेमका काय लिहायचा? २३.०५ की दुसरा कुठला? तो बघावा म्हणून एस्केप दाबलं, आतापर्यंतचं जतन केलं आणि बाहेर आले. तेवढ्यात बेल वाजली. भाजीवाली होती. तिच्याकडून आळूची पानं घेतली, पानं म्हटल्यावर वड्या आल्या, वड्यांना चिंच भिजत घालायला हवी. लॅपटॉप मिटला तो संध्याकाळच्या तयारीलाच उघडला.

सही राहिली. वरचा आकडाही राहिला. नुसती काट मारून ठेवली.

सोमवारी रात्री लॉग बघितला, तर नोंदी व्यवस्थित येत होत्या. मंगळवारी, बुधवारीही. त्यामुळे रविवारचं काम अर्धवट आहे हे डोक्यातूनच गेलं. लॉग का येत होता ते आता कळतं. हा प्रोग्राम सेटिंगची फाइल सुरू होताना एकदाच वाचतो. मध्ये आपण फाइलीत काहीही केलं, तरी पुन्हा वाच असं सांगेपर्यंत किंवा बंद होऊन परत सुरू होईपर्यंत, त्याच्या डोक्यात जुनंच असतं.

१३ जून गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इथं राहणाऱ्यांना ठाऊक आहे. सकाळी नऊला गेली, दुपारी आली. राउटर सुरू झाला, इंटरनेट आलं, वाय-फाय आलं. सिसलॉग-एनजीनं मात्र फाइल उघडली, त्यात व्हर्जनची ओळ त्याला दिसली नाही, आणि तो सुरूच झाला नाही.

मला कळलं नाही, कारण त्याच सुमाराला मी लॉग बघणं सोडलं होतं. जूनच्या मध्यावर बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लास मोबाइलच्या डेटावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून घेत होते. घरातलं इंटरनेट जातंय की राहतंय, त्याचं कोणाला काय? आणि हा असा दोष आहे की तो स्वतः बोंबलत नाही. राउटरवरचे दिवे हिरवे. फोन चालतोय, टीव्ही चालतोय. लॉग लिहिणाराच आडवा पडला, तर तो पडल्याची नोंद कोण करणार?

२ जुलैला, मंगळवारी, कनेक्शनवाल्यांचा मुलगा अखेर दारात आला. सहा वेळा बोलावल्यावर. मी त्याला बसवलं, चहा ठेवला आणि मोठ्या तोऱ्यात लॅपटॉप उघडला. "हे बघ, तारीखवार सगळं आहे माझ्याकडे." पेनड्राइव्हवरची शेवटची फाइल १३ जूनची. त्यातली शेवटची ओळ सकाळची, वीज जाण्याच्या आधीची. त्यापुढे काही नाही.

तो काही बोलला नाही. चहा प्यायला. मग म्हणाला, "काकू, आधीचं काही असेल तर व्हॉट्सॲपला पाठवा, मी सरांना दाखवतो." चांगलाच होता मुलगा. मला मात्र कॅश जुळली नाही की पोटात जसं व्हायचं, तसं झालं.

तो गेल्यावर शांतपणे बसून विचार करायला हवा होता. मी केला नाही. माझ्या मनानं घेतलं, की पेनड्राइव्ह खराब झाला. लिहिणं थांबलंय म्हणजे ज्यावर लिहायचं तेच बिघडलं असणार. त्या मुलाला मेपर्यंतचं पाठवायचं होतं ते राहिलंच. मी पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉपला लावला. विंडोजनं विचारलं, हा वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? तो लिनक्सच्या पद्धतीनं भरलेला होता, विंडोजला तो कसा वाचता येणार? मी 'हो' म्हटलं.

मार्चपासूनचे सगळे लॉग गेले. कितीतरी संध्याकाळी पाच हाका मारून उत्तर न मिळालेल्या राउटरची सगळी नोंद गेली. वहीतल्या तारखा तेवढ्या राहिल्या, आणि माझ्या हस्ताक्षरातल्या तारखांना पुरावा कोण म्हणेल? या भागाबद्दल मी अजून घरात कोणाला नीट सांगितलेलं नाही.

वर बाजारात जाऊन नवा पेनड्राइव्ह आणला. राउटरला लावला. अर्थातच काही झालं नाही. त्यावरही एक ओळ आली नाही.

बुधवारी रात्री भाच्याला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, तो मी मंगळवारी स्वतःला विचारला असता तर लॉग वाचले असते. "मावशी, प्रोग्राम चालू तरी आहे का?" बघितलं, तर नव्हता. "मग हातानं चालवून बघ. प्रोग्रामचं नाव टाइप कर, पुढे दोन छोट्या आडव्या रेघा, आणि सिंटॅक्स-ओन्ली. म्हणजे तो काम सुरू करणार नाही, नुसती फाइल तपासून सांगेल." मी केलं. एका सेकंदात उत्तर आलं. मी ते इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं: व्हर्जन नसलेल्या सेटिंग फाइली ३.१३ पासून चालत नाहीत, कृपया फाइलीची पहिली ओळ म्हणून व्हर्जन लिहा.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "पहिल्या ओळीवर काय आहे?"

पहिल्या ओळीवर हॅश होतं. मला भाजीवाली आठवली.

लगेच नवी ओळ लिहायला घेतली. तेव्हाही आकड्यात घोळ घातलाच. राउटरच्या पानावर ठळक अक्षरात २३.०५ दिसत होतं, तेच लिहिलं. पुन्हा तपासलं, तर प्रोग्राम म्हणतो, तुमची फाइल माझ्यापेक्षाही नव्या व्हर्जनची दिसते, कृपया माझा सध्याचा आकडा लिहा. भाचा हसला, मीही हसले. पण यातून एक गोष्ट पक्की कळली, जी आधी कोणी फोड करून सांगितली नव्हती. इथं तीन वेगवेगळे आकडे आहेत. एक ओपनडब्ल्यूआरटीचा, म्हणजे राउटरच्या अख्ख्या प्रणालीचा. दुसरा सिसलॉग-एनजी या प्रोग्रामचा. तिसरा त्याच्या सेटिंग फाइलीचा, म्हणजे ही फाइल कोणत्या काळच्या नियमांनी लिहिली आहे त्याचा. ओळीत जातो तो तिसरा. तो बघायचा असेल तर प्रोग्रामला त्याचं व्हर्जन विचारायचं. उत्तरात कॉन्फिग व्हर्जन अशी वेगळी ओळ येते, तिथला आकडा घ्यायचा.

"तोच आकडा टाकू ना मग?" मी विचारलं. तो म्हणाला, "आज नको. आज जुनाच टाक. हॅश काढ, चालू कर, लॉग येऊ दे. नवा आकडा रविवारी, फाइल वाचून झाल्यावर." मला पटेना. इशारा परत येणार! पण ऐकलं. हॅश काढलं, तपासलं, तर अदबशीर इशारा तेवढा आला, चूक एकही नाही. प्रोग्राम सुरू केला. रात्री पावणेअकराला नव्या पेनड्राइव्हवर पहिली ओळ पडली.

जुना आकडा का ठेवायचा, हे मला रविवारी समजलं. आमच्या आईची एक वही आहे. त्यात चकलीच्या भाजणीचं प्रमाण शेरात लिहिलंय, पानाच्या वर 'माप: शेर' असं लिहून. माझ्या वहिनीनं ते उतरवून घेताना वर 'किलो' लिहिलं आणि खालचे आकडे तसेच ठेवले. काळ बदलला, आता शेर कोण वापरतं, म्हणून. आईच्या वहीतला शेर भांड्यानं मोजायचा, किलो हे वजनाचं माप. तिच्या चकल्या त्या वर्षी तेलात विरघळल्या. व्हर्जनची ओळ म्हणजे पानावरचं ते 'माप: शेर'. खाली जे लिहिलंय ते कोणत्या मापानं वाचायचं, एवढंच ती सांगते. खालचं न बघता वरचं बदललं, तर प्रोग्राम तेच शब्द वेगळ्या मापानं वाचतो. जुनंच ठेवलं, तर नवा प्रोग्राम जुन्या मापानं वाचून घेतो. तो इशारा म्हणजे त्याचंच सांगणं होतं, दटावणी नव्हती.

३ वरून ४ वर जाताना हे माप खरोखरच थोडं बदललं आहे. २०२२ च्या अखेरीस ४ आलं, त्यात नोंदीतल्या प्रत्येक मूल्याला प्रकार आला: हा आकडा, हा मजकूर. त्यामुळे दोन मूल्यांची तुलना करून नोंदी गाळणारी चाळणी कोणी लिहिली असेल, तर ती नव्या मापात वेगळं वागू शकते. म्हणून माझ्या फाइलीत तसं काही आहे का, ते बघायचं होतं.

७ जुलैच्या रविवारी दोन्ही फाइली छापून घेतल्या: माझी जुनी, आणि जूनपासून शेजारी पडून असलेली नवी. तीच, जिच्याबद्दलची सूचना मी वाचली नव्हती. दोन्ही शेजारी ठेवून पेन्सिलनं ओळीला ओळ लावत गेले. दीड तास लागला. सारख्या ओळींवर टिक, वेगळ्यांवर गोल. गोल सातच झाले. त्यातले पाच माझे स्वतःचे होते: पेनड्राइव्हचा पत्ता, रोजच्या फाइलीचं नाव, जोडणीच्या नोंदी वेगळ्या काढणारी चाळणी. ही चाळणी नोंद कोणत्या प्रोग्रामकडून आली एवढंच बघते. आकड्यांची तुलना कुठेच नव्हती. मग वरचा आकडा बदलला. जुनी ओळ हॅश घालून खाली ठेवली, नवी तिच्या वर. आधी नवी लिहिली, मग जुनीवर काट मारली. तपासलं, इशाराही नाही, चूकही नाही. मगच प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि पेनड्राइव्हवर नवी ओळ आलेली डोळ्यांनी पाहिली.

आकड्याच्या जागी 'करंट' असा शब्दही लिहिता येतो, म्हणजे प्रोग्राम जो असेल तोच आकडा धरला जातो. दर वेळी बदलायची कटकट नाही. मला तो आवडला नाही. प्रोग्राम बदलला की माप न सांगता बदलेल आणि मला इशाराही मिळणार नाही. ज्याला रोज हेच काम आहे, त्यानं खुशाल वापरावा.

त्यानंतरच्या गुरुवारी, ११ जुलैला, पुन्हा वीज गेली. दुपारी आल्यावर मी आधी लॉग उघडला आणि काळजात धस्स झालं. नव्या ओळींवर तारीख ७ जुलैची, रविवारची! परत बंद पडला की काय? भाच्याला फोन लावणार होते, पण या वेळी आधी नीट वाचलं. चार-पाच मिनिटांच्या ओळी ७ तारखेच्या, मग एकदम ११ तारीख आणि बरोबर वेळ. या राउटरला भिंतीवरच्या घड्याळासारखा सेल नाही. वीज गेली की वेळ विसरतो. सुरू होताना तो सेटिंगच्या फोल्डरमधल्या सगळ्यांत अलीकडे बदललेल्या फाइलीची वेळ उचलतो आणि तिथून पुढे मोजायला लागतो. इंटरनेट आलं की खरी वेळ विचारून घेतो. सगळ्यांत अलीकडे बदललेली फाइल माझीच होती, रविवारी हात लावलेली. आता लॉगमधली तारीख मागे गेलेली दिसली की मी घाबरत नाही, तिथं वीज गेली होती असं समजते.

पंधरा दिवसांचे नवे लॉग जमले. या वेळी रोजच्या रोज लॅपटॉपवर उतरवले. नऊ संध्याकाळी तेच वाक्य, सगळी आठ पाच ते आठ वीसच्या मध्ये. ते त्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवले. दोन दिवसांनी तो आला, आमच्या घरात शिरलाच नाही, थेट जिन्यातल्या त्यांच्या डब्याकडे गेला. डब्यातल्या यंत्राचा प्लग ज्या बोर्डावर होता, त्याच बोर्डावर आमच्या वॉचमननं पार्किंगच्या फोकसचा प्लग लावला होता. तो आठच्या सुमाराला फोकस लावायला जायचा तेव्हा बोर्ड हलायचा. कनेक्शनवाल्या मुलानं यंत्राचा प्लग वेगळा काढून घट्ट लावून दिला. आठवड्यातून पाच-सहादा जायचं ते आता महिन्यातून एकदा-दोनदा जातं, आणि कुठल्याही वेळी जातं. त्याचं कारण अजून सापडलेलं नाही.

राउटरच्या खाली मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तीन आकडे, तारखेसह, आणि बाजूला माझी सही. गुरुवारी वीज आली की आधी पाण्याची मोटर लावते, मग लॉगची शेवटची ओळ बघते.